धक्क्यावरचं गाठोडं

—हात काढा त्या दोरीवरनं! काढा म्हन्तो ना. आत काय हाय ते बघायचंय? कशाला? पुन्याहून आलात व्हय, मग धरन बघा, मक्याचं कनीस खा, बोटीत एक चक्कर मारा आन जावा घरी. येवढं पानी पसरलंय समोर, त्याच्याकडं कोनी ढुंकून बघत न्हाई, आन ह्या निळ्या ताडपत्रीच्या गाठोड्यासंगं मातुर सेल्फी काढत्यात!

पुतळा हाय आत. बोटवाल्याचा. गोरक्षनाथ नाव त्याचं. तुमच्यासारखीच शानी मान्सं हुती बोटीत — उभं ऱ्हाऊ नगा म्हन्लं तर फोटोसाठी उभी ऱ्हायली, समदी एका अंगाला — उलटली बोट. दोघांना काढलं ह्यानं, तिसऱ्यासाठी गेला तो गेलाच. वाचलेली मान्सं? छ्या, पुन्हा तोंड दावलं न्हाई त्यांनी. पुढाऱ्यांनी मातुर लगेच जाहीर केलं, ह्याच धक्क्यावर पुतळा बसवनार. बसवला बी. मग सुरू झालं — पडदा वढायचा कोनी? एक म्हनं निधी मी आनला, दुसरा म्हनं जागा मी दिली, आन नावाच्या फरशीवर वरचं नाव कुनाचं ह्याच्यावर दोघं भांडत बसले, पोरगं ताडपत्रीत. तवा जलमलेली लेकरं आता शाळंत जात्यात. दर पावसाळ्यात ताडपत्री फाटती, दर पावसाळ्यात मी नवी बांधतो. मीच. दुसरं कोन बांधनार? बाप हाय मी त्याचा.

आता तोंड बारीक करू नगा. तुमच्या बारीक तोंडाचं काय लोनचं घालू?

त्याची आई रोज येती. ताडपत्रीवरनंच हार घालती, पाय चेपती — पाय म्हंजे, असत्याल तिथं. मी म्हन्लं, बघ की उचलून. तर न्हाई म्हनती, नारळ फुटल्याबिगर तोंड बघायचं नसतं. बरं झालं. लई बरं झालं. कारन मी बघितलंय. एकदा वाऱ्यानं कापड उडालं, बांधाया वर चढलो, आन बघतो तर — हा कोन? मिशीवाला, हनवटीखाली दोन घड्या पडलेला, पन्नाशीचा बाप्या! जाकिटाची बटनं तासून काढलीत, पन खुना दिसत्यात. खिशाला पेन! कंच्यातरी गावानं न नेलेला पुढारी पडून हुता पुतळेवाल्याकडं, त्याच्या हातात दिलं वल्हं, झाला बोटवाला. आवं, माझा पोरगा काडी हुता, काडी. मिशीची नुसती रेघ फुटली हुती. फोटो दिलता की मी, पाव्हन्याच्या लग्नात काढलेला — त्यो बी परत दिला न्हाई मेल्यांनी.

मग काय, दोरी आवळली. पन दोरीनं भागतंय व्हय? पडदाच वढू द्यायचा न्हवता. एका पुढाऱ्याच्या वट्यावर जाऊन बसायचं, म्हनायचं, सायेब, ते म्हनत्यात तुमचं नाव खाली घ्या. मग दुसऱ्याच्या वट्यावर, तिथं बी तेच. दोघं बी मला आपला मानूस समजत्यात! इतकी वरसं मी झुंजवत ठिवलेत त्यांना, आन म्हनं हे तालुका चालवत्यात.

पन मुडदे आता एकाच पक्षात गेले. गळ्यात गळा. रविवारी दोघं मिळून पडदा वढनार. हिनं नवं लुगडं काढून ठिवलंय, शेजारनीला म्हनती, रविवारी माझा गोरक्ष दिसंल. त्यो दिसनार, पेनवाला! मला बघवनार न्हाई हो ते. काल पहार लावून पान्यात ढकलाया गेल्तो — हलत न्हाई. शिमीट लई झ्याक वापरलंय, तेवढं एकच काम नीट केलं भाड्यांनी.

सांगून टाका म्हन्ता? तुमी सांगता? सांगा की.

ती बघा, आलीच हार घिऊन. दिसंल त्या पावन्याला एकच इचारती — आत बघितलं का हो, माझ्या पोरासारखाच हाय ना? व्हय म्हना. येवढंच म्हना, आन निघा.