तेलाच्या बोटांनी पारखलेली गाडी

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, उद्यावर टाकलं तर मला चैन पडायचं नाही! माझ्या मावशीनं, मंगलमावशीनं, गाडी घेतली. जुनीच, पण डिकीवाली, लांब! ती कशी घेतली ते ती शिंगणापुरात स्वतःच्या तेलाच्या दुकानात बसून सांगतेय आणि मी समोर स्टुलावर बसून मोबाईलवर धडाधड टाईप करतेय. गिऱ्हाईक आलं की ती थांबते, मग मी पण थांबते. शब्द तिचे, चुका माझ्या अंगठ्याच्या. ऐका.

माझं म्हायेर पाथर्डीकडं, सगळा कोरडा मुलूख. आईबाप ऊसतोडीला जायाचे, दिवाळी झाली की घराला कुलूप, आन किल्ली आईच्या कमरेला. पाच-सा महिने आमी दुसऱ्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत, पन किल्ली काय कमरंची हलली न्हाई. मी आईच्या कुशीत झोपायची तर ती किल्ली टोचायची मला, काय सांगू तुमाला, आई आठवली की आदी ती किल्लीच आठवती. आन लगीन करून दिलं कुठं, तर हितं! घराला चौकट हाय पन दारच न्हाई, नुसता पडदा. मी सासूबाईंना इचारलं, आत्याबाई, कुलूप कुठं ठिवलंय, तर त्या पोट धरून हसल्या, म्हनल्या अगं येडे, देव बसलाय की राखनीला. तरी वरीसभर मी माझी पत्र्याची पेटी चौकटीला आडवी लावून झोपायची. मग सवय मोडली ती मोडलीच. आता वीस वरसं व्हऊन गेली.

तर तेलाचं सांगत हुते. सोळा वरसं मी दुसऱ्याच्या दुकानात बसले, भक्त येनार, देवाला वाहायला तेल घेनार, मी डब्यातून बाटलीत भरनार. दिवसभर बोटं तेलात. सोळा वरसं म्हंजे बोटाला कळतं हो, डोळ्याला न्हाई कळत एवढं बोटाला कळतं. तेल जुनं का नवं, तापवलेलं का, कशात काय मिसळलंय. आन एक गोष्ट मला आमच्या मालकिनीनं पयल्याच दिवशी शिकवली, मंगल, डबा वरून बघू नको, झाकन उलटं करून बघ. वरून समदे डबे सारखेच चकचकीत.

मग यंदा मी माझं सोताचं दुकान टाकायचं ठरवलं. जागा मिळाली, समदं झालं, पन तेल आनायचं कसं? टेम्पोवाला त्याच्या मर्जीचा मानूस, आला तर आला. एका शनिवारी मालकिनीकडं तेलच न्हाई, दारात ही गर्दी, आन आमी रुईच्या पानांचे हार इकत बसलो. तवाच मनाशी म्हनले, मंगल, तुझ्या दुकानात असं व्हायचं न्हाई. गाडी घ्यायची. पन टेम्पो नगं, मला गाडी पायजे, म्हंजे आत्याबाईंना दवाखान्यात बी नेता येईल, आन माझी अश्वी, माझी पोरगी, ती लायसन काढून बसली हुती ना, तिला बी चालवता येईल. डिकीत आठ डबे बसले पायजेत, बास. माझ्या भिशीचे पैसे आन पाटल्या, एवढंच हुतं जवळ. गाडी फसली असती तर दुकान उघडायच्या आदीच बंद.

आमचे हे कारखान्यावर असत्यात, ते म्हनले तुझं तू बघ. पन आमचे दीर, रावसाहेबभाऊजी, ते ट्रॅक्टर चालवत्यात, म्हंजे जगातली समदी इंजनं त्यांनीच जोडल्यात असं त्यांचं म्हननं. ते म्हनले वैनी, तेल इकनं येगळं आन गाडी घेनं येगळं, तुमी घरी बसा, मी बघून येतो. मी म्हनले भाऊजी, इंजनात काय ऊसाचा रस असतो व्हय? तेलच असतं ना? मग मी बी येनार, आन अश्वी बी.

पयली गाडी बघितली नगरच्या रोडला, जुन्या गाड्यांचा बाजार हाय तिथं. पांढरीशुभ्र, आतून अत्तराचा वास, शीट कवर नवं, म्होरं लिंबू-मिरची सुदिक नवी. भाऊजींनी टायरला दोन लाथा मारल्या, म्हनले घ्या वैनी, मशीन वाघ हाय. मी म्हनले बोनेट उघडा. तो इकनारा पोरगा हसला, म्हनला ताई तुम्ही आत बसा, एसी लावतो. मी म्हनले एसी नगं, इंजनातलं तेल मोजायची पट्टी काढ. काढली. मी बोटात घेतलं, चोळलं. पिवळं, कोरं करकरीत. पन चिकट हो! दोन बोटं लांब केली तर मधात तार धरली त्यानं, काकवीवानी. मी म्हनले तेल कालच बदललंय, आन आवाज दाबायला ह्यात कायतरी दाटसर वतलंय. तो म्हनला नाही हो ताई, कंपनीचं तेल आहे. मी म्हनले बरं, आता तेल वतायचं झाकन काढ. काढलं आन मी उलटं केलं. काय सांगू! झाकनाला आतून पांढरी साय! तेल बदललं, पट्टी पुसली, झाकन पुसायचं राहिलं लेकाचं. इंजनात पानी गेल्यालं हुतं. भाऊजी वाकून बघायला लागले, त्यांच्या बी ध्यानात आलं, मग म्हनले व्हय, मला बी तोच संशय हुता. कवा हुता काय म्हाईत! पोरगा म्हनला ताई, तुम्ही कुठल्या गॅरेजला असता? मी म्हनले शिंगणापूरला, तेलाच्या.

अश्वी तर एवढी हसली की पार रिक्षात बसंपर्यंत हसतच हुती.

दुसरी गाडी राहुरीला, एक रिटायर गुर्जी, त्यांची सोताची. गुर्जी म्हनले शनिवारी या, मी म्हनले शनिवारी लोखंड घेत न्हाईत आमच्याकडं, आन शनिवारी मला मरायला बी सवड नसती, सोमवारी येते. आठ रिकामे डबे घेऊन गेलो बघा आमी, भाऊजी बी संगं! गुर्जींच्या बायकोनं इचारलं, तुमी गाडी बघायला आला का रॉकेल न्यायला? मी आदी बोनेटवर हात ठिवला, गार हुतं. म्हंजे आमी यायच्या आदी तापवून ठिवली न्हाई. एका सेल्फमदी चालू. पट्टी काढली, तेल काळं, पन खरं काळं, वापरल्यालं, जळका वास न्हाई. झाकन उलटं केलं, निर्मळ. म्याट उचलून खाली हात फिरवला, वल न्हाई. अश्वीनं कॅनॉलच्या सरळ रस्त्याला चालवली, क्षणभर स्टेरिंग सोडलं, गाडी रेघ सोडंना. डिकीत डबे लावले, आठच्या आठ बसले, वर आत्याबाईंचं बोचकं बसंल एवढी जागा! कागदपत्रं अश्वीनं वाचली, गुर्जींचंच नाव. गुर्जी आपले मागं मागं, म्हनत्यात बाई अजून काय इचारायचं तर इचारा, आजून काय बघायचं तर बघा. मी म्हनले समदं बघितलं. गुर्जी म्हनले, तुमी कुठल्या? मी म्हनले शिंगणापूर. तर म्हनले, अरे वा, मग तर काय अडचनच न्हाई. मला वाटलं देवाचा मानूस दिसतोय.

घेतली की हो! नारळ फोडला. गावात आली तर आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, भाऊजी समद्यांना सांगत्यात, वैनींनी पारखली, बाजारवाला गप केला. माझी छाती अशी हुती, पडद्यातून आत जाता येईना.

मग पयल्या फेरीला नगरच्या मार्केटात गेलो. आठ डबे भरले, डिकी लावली, आन अश्वी म्हनली चल मम्मी, जेवून घेऊ. तिनं रिमोट दाबला. काय न्हाई. परत दाबला. मग किल्ली घातली, ती नुसती फिरती. चारी दारं बघितली, एकाला बी कुलूप लागंना! आन डिकीला आतून खटका, दार उघडं तर डिकी बी उघडीच. आमी दोघी एकमेकीकडं बघतोय. तेल बघितलं, टायर बघितलं, म्याट बघितलं, डबे मोजून बसवले, पन कुलूप लागतं का न्हाई हे कुनाच्या मनातच आलं न्हाई! अहो, घरी आठ दिवस गाडी दारात उभी, कुनी कुलूप लावून बघितलंच न्हाई. मी गाडीत डबे राखत बसले आन पोरीनं वडापाव आनून दिला.

गुर्जींना फोन लावला. ते बिचारे वरमले, म्हनले बाई, मी दोनदा म्हनलो इचारा म्हनून, मग तुमी शिंगणापूर सांगितलं तर मला वाटलं तुमाला चालत आसंल. दुरुस्तीचं मी देतो. अन खरंच दिलं हो त्यांनी. भाऊजींना कळल्यावर म्हनत्यात, काय वैनी, तेल पारखलं आन कुलूप इसरलं? मी म्हनले तुमी बी हुता की संगं, लाथा मारायला.

मी, जिला आईच्या कमरंची किल्ली टोचायची, ती मी कुलूप इसरले. पन वाईट न्हाई वाटलं बघा, खोटं कशाला बोलू. म्हनले मंगल, तू आता खरी हितली झाली.

आता कुलूप नगरात लावतो, गावात न्हाई. दुकानात एकाबी शनिवारी तेल कमी पडलं न्हाई. आन भक्तांना घेऊन येनारे डायव्हर हायत ना, ते गाडी लावत्यात आन हाक मारत्यात, मावशी, आमची बी पट्टी बघता का जरा? मी बघते. पैसे न्हाई घेत. फकस्त म्हनते, झाकन उलटं कर बाबा आदी.

आन तू काय नुसती लिहितीस गं, इचार की वाचनाऱ्यांना बी. तुमचं झालंय का हो असं, समदं जग उलटंपालटं करून बघितलं आन रोजचंच तेवढं बघायचं राहिलं?