पिवळं फाटक

काकू : घर बघायला येणारी तुमची पार्टी गेली खड्ड्यात! आमचे हे अजून आले नाहीत, ते बघा आधी.

एजंट : काकू, पार्टीसमोर खड्ड्यांचं नाव काढू नका हं, रस्ता आधीच बदनाम आहे. येतील हो काका. रोज नाही का जात फिरायला?

काकू : रोज जातात आणि जेवायला परत येतात. माझं नाव विसरतात, भूक विसरत नाहीत. दोन्ही ताटं गार झाली.

एजंट : फोन लावा की.

काकू : फोन फ्रीजमध्ये सापडला. भाजीच्या कप्प्यात.

एजंट : बरं, जातात कुठे कुठे?

काकू : तुम्हीच छापलंय ना जाहिरातीत? 'औषधांचं दुकान, वाचनालय, बाग, सगळं चालत जाण्याजोगं.' औषधवाला त्यांना गोळ्या देतो आणि गप्पा फुकट. वाचनालयातली मुलगी शिळं वर्तमानपत्र देते, हे ताजं म्हणून वाचतात. बागेतला माळी हाताला धरून घराकडे तोंड करून देतो. पुढे सरळ रस्ता. तेवढं जमतं त्यांना.

एजंट : थांबा, माळ्याला फोन लावतो... हॅलो? हो, काकाच. कधी? ...काकू, तो म्हणतो, तोंड करून दिलं, गेले सरळ.

काकू : मग यायलाच हवेत! सरळ यायचं, पिवळं फाटक दिसलं की आत वळायचं. आमच्या मुलीनं घोकून घेतलंय त्यांच्याकडून... अगं बाई! फाटक!

एजंट : फाटकाला काय झालं? सकाळीच रंगवून घेतलं. राखाडी. घराची किंमत वाढल्यासारखी वाटते.

काकू : अहो, अख्ख्या गल्लीत तेवढं एकच पिवळं होतं!

एजंट : मागची पार्टी हसली होती त्या पिवळ्याला. आणि तुम्हीच म्हणालात, रंगवा.

काकू : मीच म्हणाले. ह्यांच्यामागे धावून गुडघे कामातून गेले माझे. म्हटलं, घर विकलं जाऊ दे लवकर, मुलीच्या शेजारी जाऊन राहू. इतकी घाई झाली होती मला... आता ह्यांनाच घालवून बसले.

एजंट : रडू नका. सरळच गेले, तर पुढे काय लागतं?

काकू : तेही छापलंय तुम्ही. ठळक अक्षरात.

एजंट : बस डेपो. 'कुठेही जायची सोय.'

काकू : कुठेही.

एजंट : गाडी काढतो. तुम्ही फाटकातच उभ्या राहा, हलू नका. पार्टीला मी आज येऊ नका म्हणून कळवतो.

(बऱ्याच वेळानं, फाटकापाशी.)

एजंट : सापडले, काकू! डेपोत ड्रायव्हर लोकांना विचारत होते, पिवळ्या फाटकाला कुठली बस जाते.

काकू : आलात? कुठे होतात हो? चला, आत चला.

काका : हे आमचं नाही.

काकू : आपलंच आहे. रंग ओला आहे, हात नका लावू.

एजंट : काका, चूक माझी. रंग बदलला, घर तेच आहे. आत येऊन बघा तरी.

काका : तुम्ही विकता वाटतं हे? चांगलं आहे. पण आम्हाला नको. आमचं आहे.

काकू : बरं, घेऊ नका. दमलात किती! दोन घास खाऊन जा.

काका : नको हो बाई. उशीर झाला. ती जेवायची थांबली असेल.