वीस नग, साडेनऊ किलो

—नाही नाही, पडदे ठेवा काट्यावर, ते कुठे पळून जात नाहीत, आणि तुम्हीही पळू नका बाई, दोन मिनिटं बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. ह्या गठ्ठ्यावर बसा—धुतलेलं आहे हो, बसा. शाळेत मी मुद्दाम आले नाही. शाळेत तुम्ही खुर्चीवर आणि मी उभी. इथे लाँड्री माझी, आणि इस्त्री माझ्या हातात. —धमकी कसली? खरंच हातात आहे, तापलेली आहे, खाली ठेवली तर शर्ट जळेल.

तर हा फॉर्म. तांत्रिक शाळेचा, परवा शेवटचा दिवस. बापाची सही झाली, मुख्याध्यापकांची झाली, एका ओळीवर घोडं अडलंय—‘विद्यार्थिनीला गणितात गती आहे’, आणि खाली गणिताच्या बाईंची सही. म्हणजे तुमची. आणि तुम्ही माझ्या पोरीला भर वर्गात म्हणालात की वही दुसऱ्या कुणाची तरी उतरवलेली आहे. कुणाची उतरवणार हो? शेजारच्या पंक्चरवाल्याची? त्याला चार चाकं मोजायला गाडीभोवती दोन फेऱ्या माराव्या लागतात. तिच्या बापाची? तो माणूस शर्टाची बटणं वरून लावायला घेतो आणि खाली एक उरतं. आमच्या घरात उतरवून घ्यावं असं डोकं आहेच कुणाला?

काय म्हणालात—रीत? हो, तुम्ही म्हणालात म्हणे, अशी रीत मी शिकवली नाही. नाहीच शिकवली. तुमच्याकडे एक्स आणि वाय, आमच्याकडे चादर आणि टॉवेल. तुम्ही खोडलेल्या जागी बघितलंत ना, एक्सच्या खाली ‘चा’ आणि वायच्या खाली ‘टॉ’? मग! ज्याला जे दिसतं ते तो लिहितो. आता ही पिशवी बघा. हात नका लावू, हॉस्पिटलची आहे. वॉर्डातली पिशवी उघडायची नसते, बांधलेली तशीच मशीनमध्ये टाकायची, रोगराई असते. आणि चिठ्ठीवर ती सिस्टर काय लिहिते? ‘नग वीस’. चादरी किती, टॉवेल किती, ते तिच्या मनात! आणि संध्याकाळी माल परत गेला की बोंब—माझी एक चादर कमी आहे. मग आपण हिशेब आधीच काढून ठेवायचा. वजन साडेनऊ किलो. चादर सातशे ग्रॅम, टॉवेल चारशे, मळाचं थोडं इकडेतिकडे. आता टॉवेल किती? नाही माहीत. पण टॉवेल म्हणजे कोण? विसातून चादरी गेल्या की उरले ते. मग वजनाच्या ओळीत टॉवेलाचं नावच घ्यायचं नाही, त्याच्या जागी ‘वीस वजा चादरी’ बसवायचं—की टॉवेल गेले, चादरी एकट्या सापडल्या. एकटं माणूस लगेच खरं बोलतं. वीसही टॉवेल धरले तर आठ किलो, वर उरला दीड, तो चादरीमागे तीनशे ग्रॅम जास्तीचा—पाच चादरी. पंधरा टॉवेल. सिस्टरला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, मावशी, तुम्ही पिशवी उघडलीत का?

—पोरीनं सांगितलं म्हणते मी. पोरीनं काढलं. मी आपली ऐकून बोलतेय.

आता ही तुम्ही आणलेली तिची चाचणी. दाखवा इकडे, मला तोंडपाठ आहे. पहिल्याच गणिताला ‘शून्य बरोबर शून्य’ आणि त्याच्याखाली दोन रेघा, पट्टीनं मारलेल्या. रेघा किती सरळ! गाढव कुठली. काय केलं माहितीय का तिनं? पहिल्या ओळीतून वाय काढला आणि परत पहिल्याच ओळीत घातला! अगं, चादरी अधिक वीस वजा चादरी, म्हणजे वीस बरोबर वीस, हे सांगायला शाळा कशाला हवी? ह्यात खोटं काही नाही, आणि कळलंही काही नाही. आमच्या ह्यांच्यासारखं. विचारलं, दिवसभर कुठे होतात? म्हणे, होतो तिथेच. तिथे म्हणजे कुठे? म्हणे, जिथे होतो तिथे. आता ह्याला खोटं म्हणता येईल का? नाही. मग काय करायचं—ह्यांचं ह्यांना विचारायचंच नाही, ते उचलून पंक्चरवाल्याच्या ओळीत घालायचं. तो म्हणाला, वहिनी, चार वाजल्यापासून इथेच पत्ते कुटत होते. झालं, सुटलं गणित! जिथून काढलं तिथे परत घालायचं नसतं, दुसऱ्या ओळीत घालायचं असतं, दहा वेळा सांगितलं मी तिला—

आणि बाई, राग नका मानू, पण तुम्हीही तेच केलंत. वही कुणाची, हे तुम्ही पोरीला विचारलंत. ती म्हणाली, माझी. शून्य बरोबर शून्य! मारा पट्टीनं रेघा. अहो, तिचं तिला काय विचारता? दुसऱ्या ओळीला विचारायचं. मला विचारायचं. मी सांगितलं असतं तुम्हाला की ती वही—

…

काय बघताय? शर्ट जळतोय का? नाही जळत. मग काय बघताय?

बरं. केली. मी केली, जिंकलात. पण उतरवणारी म्हणू नका तिला… उतरवतेच म्हणा, तोच शब्द आहे, दुसरा कुठून आणू. ती शाळेतून आली की ह्याच काउंटरवर वही पसरते आणि मोठ्यानं वाचते, कारण मोठ्यानं वाचल्याशिवाय ती शाळेत गेली होती हे मला पटत नाही. मी इस्त्री फिरवता फिरवता ऐकायचे. एक दिवस म्हटलं, अगं, ही तर वॉर्डाची पिशवी! आण इकडे पेन्सिल. एकच करून दाखवलं, बाई. मग पाच. मग… मग अख्खा धडा. मी चिठ्ठ्यांच्या पाठीवर काढायचे आणि ती वहीत उतरवून चादरी खोडून एक्स करायची. चौथीत पहिली आले होते मी. मग धाकटा भाऊ झाला, त्याला बघायला कुणीतरी हवं, माझ्या जागी शाळेत दुसरं कुणी बसलं असेल. असेल म्हणजे बसलंच. जागा काय रिकामी राहते?

आणि कार्टी काय म्हणाली, ऐकायचंय? काल हा फॉर्म पुढे केला, तर म्हणते, आई, तूच जा त्या शाळेत. हात उगारला होता मी. मग त्याच हातानं तिच्या फ्रॉकची घडी घातली.

आणा तो फॉर्म. नका करू सही. म्हणजे—उद्या तिला समोर बसवा, मी जवळपास नसताना, आणि द्या दोन गणितं. सुटली तर सही करा. नाही सुटली तर… आणि पुढे तिला जायचं आहे की नाही, हेही तिलाच विचारा. नाही, तिचं तिला नको—नाही, हे मात्र तिलाच विचारायला हवं. बघा, इथे माझी रीत चालत नाही.

काय लिहिताय? पडद्यांची पावती आहे ती, तिच्यावर नका लिहू! दोन ओळी… ‘तीन एक्स अधिक दोन वाय’… हे पोरीसाठी ना? उद्यासाठी? मग माझ्याकडे कशाला सरकवताय? मला नाही येत हे एक्स-वाय, चष्माही घरी आहे, आणि दुकानाची वेळ आहे. जा तुम्ही. पडदे शुक्रवारी मिळतील. हसायला काय झालं? जा हो, गिऱ्हाईक खोळंबलंय. —नाही, कुणी नाही, तरी जा.

बाई! पावती राहू दे इथेच. आणि ते पेन.