जायला साडेसतरा, यायला साडेसात

(बुऱ्हाणपूर, शनवारा. रश्मीचं घर. फोपनारहून मामा-मामी आलेत; टेबलावर मामीचं विमानाचं तिकीट.)

दगा: जायला साडेसतरा तास, यायला साडेसात. तिकिटावरच लिहिलंय, रश्मी. तीनदा मोजलं मी.

रश्मी: असं कसं होईल, मामा? मुंबई ते मेलबर्न, रस्ता तर तोच ना.

दगा: रस्ता तोच असतो गं. आपली केळीची गाडी भरून दिल्लीला जाते तर दीड दिवस घेते. खाली होऊन येते ती एका दिवसात. भरल्या गाडीचं चालणंच निराळं.

रश्मी: अरे यार मामा, विमान काय खाली होऊन येतं?

सरुबाई: माझंच बघ ना. जाताना गोधड्या, दुपटी, डिंकाचे लाडू. येताना मी अन् माझी पिशवी.

रश्मी: मामी, तुम्ही पण! अहो, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढं आहे. निघायची वेळ मुंबईची, उतरायची तिथली. म्हणून हिशोब गडबडतो. जायला बारा तास, यायला तेरा. दहा हजार किलोमीटर आहे, मजाक नाही.

दगा: तेरा?

रश्मी: तेरा.

सरुबाई: अन् तुम्ही मला काय सांगितलं? ‘सकाळी मला काही झालं, तर रात्री तू मुंबईत.’ त्याच्यावर तर मी हो म्हटलं!

दगा: मला तसंच वाटलं गं.

सरुबाई: रश्मी, हे तिकीट कॅन्सल होतं का?

रश्मी: मामी, परवा निघायचंय! तिकडं तुमच्या वैजयंतीताईला नववा महिना लागला. तिला आता कोणी विमानात बसू देणार नाही.

सरुबाई: ठाऊक आहे मला. पहिलं बाळंतपण, माहेरी यायचं, तर पोर तिकडं एकटी. जावई दिवसभर कामावर. पण ह्यांना इंदोरला स्टेंट टाकून चार महिने नाही झाले. मी कोणाकडं बघू, सांग.

दगा: गोळ्या घेतो ना मी.

सरुबाई: घेता! मी हातावर ठेवते तेव्हा घेता.

रश्मी: मी रोज सकाळी फोन करेन, मामी. व्हिडिओवर गोळी गिळताना बघेन. रविवारी फोपनारला चक्कर मारेन. बिलकुल टेन्शन नका घेऊ.

दगा: सरु, खरं सांगू? भीती मलाच होती. चौतीस वर्षं झाली, चार दिवसांच्या वर तू घराबाहेर राहिली नाही. साडेसात तास निघाले अन् मला बरं वाटलं. म्हणून मग कोणाला विचारलंच नाही.

सरुबाई: आधी बोलायचं ना, बाप्पा.

दगा: काय बोलू? ह्या वयात?

सरुबाई: मग राहू का मी?

दगा: नको. पोरीला माहेरी येता येत नाही, तर माहेरानं तिच्याकडं जायला पाहिजे.

सरुबाई: अन् इथं काही झालं तर? तेरा तास विमान, मग मुंबईहून रेल्वे. मी कधी पोचणार?

दगा: तीन महिने मी आजारी पडत नाही. पडायचंच असलं तर तू आल्यावर पडेन, सावकाश.