दिवा लागला की हात जोडायचे

भिंतीवरच्या फोटोत आत्याचे डोळे मिटलेत, ते बहुधा माझ्यामुळेच. कल्याणची ही आत्या दुसऱ्या दिवशी कायमची काशीला निघणार होती. तिचा चेहरा घरात राहावा म्हणून मी अंधाऱ्या माजघरात कॅमेरा मांडला आणि लख्ख उजेडासाठी मॅग्नेशियमची तार बाजूला धरून पेटवली. दिवा लागला, म्हणून आत्याने हात जोडून डोळे मिटले.

आता फोटो उमटवायची एकच काच उरली.

"आत्या, या खेपेला नमस्कार नको. इकडे बघ."

"बरं बाबा."

तार पुन्हा पेटली. आत्या भिंगाकडे बघत राहिली. तेवढ्यात माझेच हात जुळले आणि तार जमिनीवर पडून विझली; शेवटची काच वाया गेली.

आत्या म्हणाली, "बी.ए. झालास, तरी जोडलेसच ना रे?"