उभी तलवार, फिरती तलवार

विषय : नात मनू हिला तलवारबाजीच्या वर्गाला जाऊ देण्याबाबत.
संदर्भ : आम्ही आजा-नातीने कूलरसमोर बसून पाहिलेली जपानी सामुराईंची कार्टून मालिका.

त्यात दोन वैरी आहेत. एक गरगर फिरत वारावर वार करतो. दुसरा तलवार म्यानात ठेवून, गळणाऱ्या गुलाबी पाकळ्यांत नुसता उभा असतो. कूलरच्या गारव्यात माझे डोळे मिटले, की त्या पाकळ्या माझ्याही अंगावर पडत.

"आबाजी, झोपून राहिले का? सांगा, कोन जिंकन?"

"जो उभा आहे, तो."

"काहून? तो तं काहीच नाही करून राहिला!"

"म्हणूनच वं. मी सरकारी कचेरीत नोकरीभर तेच पाहिलं."

मनूला पटलं नाही. तिने वर्गासाठी आईच्या नावे अर्ज लिहिला, मी शिफारस जोडली. सून पोळ्या लाटत होती. मनूने तिच्याभोवती गरगर फिरत सगळी कारणं सांगितली. सुनेने हात पुसले, अर्ज वाचला, पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला आणि पुन्हा लाटायला घेतलं.

मनू माझ्या कानाशी आली. "आबाजी, आई तं उभी राहनारी निघाली!"

अर्ज अद्याप डब्याखाली प्रलंबित आहे.