कोड-बदलाचा अर्ज

—नाही गं, परत मोज. मोठ्यानं मोज, मला ऐकू येऊ दे. विषय पाच, ते ठीक. आता विभाग सांग. इतिहास, इतिहास, भाषा, संगीत, आणि हा पाचवा, 'नदीकाठची गावं', त्याच्यापुढे काय लिहिलंयस? इतिहासच! म्हणजे इतिहासाचे तीन झाले. आणि नियम काय? एका विभागाचे दोनच धरतात. तिसरा गेला बाराच्या भावात. पाचाचे राहिले चार, आणि चारावर प्रमाणपत्र मिळत नाही — अगं, डोळ्यात पाणी कशाला आणतेस लगेच! रुमाल आहे का? हा घे, धुतलेला आहे. तुझी एकटीची नाही ही चूक, दरवर्षी चार-पाच जण करतात. या विषयाचा वर्ग एक, खोली एक, सर एक, पण विषय कुणाचा यावरून इतिहासाचे प्रमुख आणि भूगोलाचे प्रमुख असे काही भांडले की शेवटी दोन्ही विभागांनी आपापला कोड लावला. एकाच बाकावर बसलेल्या दोघी, एक इतिहासाची, एक भूगोलाची. आता सवयीनं सगळे इतिहासाच्या खान्यात खूण करतात, आणि शेवटी अशा खिडकीशी येऊन रडतात.

उपाय आहे ना! म्हणून तर म्हणतेय रडू नकोस. हा कोड-बदलाचा अर्ज. इतिहासाच्या जागी भूगोल लिहायचं, खाली सही करायची, मी शिक्का मारणार, झालं. पाच मिनिटांचं काम. फक्त आज. आज पाच वाजेपर्यंत. पाच वाजले की यादी वर जाते, मग कुलगुरूंनी सांगितलं तरी मला हात लावता येत नाही. आता किती झाले, साडेचार? भरपूर वेळ आहे. बस त्या स्टुलावर. नाव मोठ्या अक्षरात लिही. पंख्याखाली नको बसूस, कागद उडतात.

बावीस वर्षं या खिडकीत आहे मी. हे प्रमाणपत्र सुरू झालं तेव्हापासून — 'प्रादेशिक आणि सांस्कृतिक अभ्यास', नाव एवढं लांबलचक की शिक्क्यात मावेना, दोन ओळींचा करून घ्यावा लागला. नियम सरांना विचारू नकोस, प्रमुखांना तर मुळीच नको, मला विचार. कोणता विषय एक वर्षाआड असतो, कोणत्या परीक्षेला तोंडी आहे, प्रकल्पाच्या किती प्रती — सगळं माझ्या डोक्यात. आणि खरं सांगू का, मी स्वतःसुद्धा — हो, हसू नकोस, मी पण. कर्मचाऱ्यांना वर्षाला एक विषय फुकट घेता येतो. तीन केले होते मी. संगीतात तर पहिली आले होते वर्गात, आणि वर्गात सगळी तुझ्या वयाची पोरं! मग सासूबाई जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड. संध्याकाळचे वर्ग सुटले ते सुटलेच. सात वर्षांत पुरं करावं लागतं, नाहीतर आधीचं पण बाद होतं. झालं बाद. माझी फाइल माझ्याच हातानं बंद केली मी. कुणी विचारलं सुद्धा नाही घरात, की काय गं, तुझं ते चाललं होतं त्याचं काय झालं.

जाऊ दे. 'विद्यार्थी क्रमांक' लिहिलास? तिथं नाही, वरच्या चौकटीत.

आता तुला सांगते, माझ्या धाकट्या जाऊबाई. इतकी वर्षं परगावी, दिराची नोकरी तिकडे. सणावाराला यायच्या, चार दिवस सासूबाईंच्या पायाशी बसायच्या, आणि निघताना त्यांच्यापेक्षा जास्त रडायच्या. एकोणीस वर्षं उशा-पायथ्याशी मी. डॉक्टर मी, औषधं मी, रात्रीचं उठणं मी. मागच्या वर्षापासून ते दोघं इथं राहायला आले, खालच्या मजल्यावर. म्हटलं, चला, कामाला दोन हात आले. तर बाईसाहेबांनी काय केलं? वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हेच प्रमाणपत्र घेतलं! जगात दुसरं काही नव्हतं? शिवण होतं, संगणक होता. नाही, हेच. 'ताई, तुमच्याकडून ऐकूनच घ्यावंसं वाटलं' म्हणे. आणि मी काय करणार, फॉर्म मीच दिला. विभागाचा तो छोटा रेकॉर्डर असतो ना, कपाटातला, तोसुद्धा माझ्याच सहीनं दिला — काय म्हणालीस? टेपवाल्या काकू? वर्गात टेपवाल्या काकू म्हणता तुम्ही तिला? हो, तीच. पहिल्या बाकावर बसते, तीच. सगळ्यांना बिस्किटं वाटते? वाटणारच. तिला वाटायला फार आवडतं.

तर ती टेप. रोज दुपारी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवायची आणि विचारत बसायची. नदीपलीकडून लग्न होऊन आलात तेव्हा काय वाटलं, तिकडे अमक्याला काय म्हणायचे, बाजार कुठे भरायचा, होडीवाला किती जणांना बसवायचा. आणि सासूबाई बोलायला लागल्या गं! चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, माझ्याशी एकोणीस वर्षांत बोलली काय? पाणी गरम आहे का, खिडकी लाव, आज उशीर केलास. बस्स. आणि हिच्यापुढे तिकडची गाणीसुद्धा म्हणून दाखवली. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. पिशव्या हातात तशाच. मला माहीतच नव्हतं त्यांना गाता येतं. संगीतात पहिली आलेली मी, आणि माझ्याच घरात — जळले मी. सरळ सांगते तुला, तू परकी आहेस म्हणून सांगते, अंगाचा तिळपापड झाला माझा. मी विचारलं नव्हतं कधी, ते खरं. पण विचारायला बसायला वेळ लागतो ना? भांडी कोण घासणार होतं?

सासूबाईंनी ठरवलंय, प्रमाणपत्राच्या कार्यक्रमाला यायचं. चालता येत नाही धड, पण शेजारच्यांना सांगून झालंय, 'माझ्या सुनेला विद्यापीठाचं प्रमाणपत्र मिळतंय.' माझ्या सुनेला! मी शेजारीच उभी होते, त्यांच्या पायाला तेल लावून उठले होते नुकती.

सही इथं नाही, खाली. थांब, मी फुली करून देते.

प्रकल्पाची प्रत माझ्याकडेच आली तपासायला, पानं बरोबर आहेत का बघायला. वाचायची नसते आम्ही. वाचली. पान अकरा. 'घरातील ज्येष्ठ सूनबाई नोकरीत व्यग्र असल्याने आजींशी बोलायला कुणी नव्हते.' असंच आहे, शब्द न् शब्द. कुणी नव्हते! अगं, मग एकोणीस वर्षं कोण होतं तिथं, भूत? तिला वाईट लिहायचं नव्हतं, ते कळतं मला. ती वाईट नाहीच, तोच तर त्रास आहे! वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. त्याच प्रतीला विषयांची यादी जोडलेली होती. इतिहास, इतिहास, भाषा, भूगोलाचा तो नकाशांचा विषय, आणि 'नदीकाठची गावं' — इतिहास.

हो. तुझ्यासारखंच.

चार महिने झाले. तेव्हाच दिसलं मला, पानं उलटता उलटता, बावीस वर्षांची नजर आहे. फाइल मिटली. म्हटलं, बघेल तिची ती, सगळं विचारता येतं तिला, हे पण विचारू दे. माझं काम खिडकीवर येईल त्याचं बघायचं. ती आली नाही खिडकीवर. घरात रोज भेटते, जेवताना समोर बसते, 'ताई, सगळं नीट लागलंय ना हो माझं?' असंही विचारलं एकदा. मी भात वाढत होते. मी म्हटलं, लागलं असेल.

आज? आज येणार नाही ती. सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, पाळी माझी होती खरं तर. मी म्हटलं मला सुट्टी नाही, शेवटची तारीख आहे ऑफिसात. खोटं नाही ते, शेवटची तारीख आहेच. कसली, ते तिनं विचारलं नाही. — लांब कुठे, पुलापलीकडेच तर आहे दवाखाना. इथून दहा मिनिटं चालत.

दे तुझा अर्ज. हा बघ शिक्का, एक, आणि मागे एक. झालं तुझं. उभी का आहेस अजून?

काय? तिला कळवतेस? कळव की, मी काय तुझं तोंड धरलंय? तुमच्या ग्रुपवर नाही ती, बटणांचा फोन आहे तिचा. नंबर नाही तुझ्याकडे? माझ्याकडे आहे, म्हणजे काय, असणारच. पाठ आहे. दिवसातून चार वेळा लावते, सासूबाईंनी गोळी घेतली का विचारायला. घे, पेन घे. लिही. नव्याण्णव… अठरा…

अशी बघू नकोस माझ्याकडे.

पुढचं आठवत नाहीये मला आत्ता. — घड्याळ बघ, पाच वाजले. हात मागे घे, काच खाली येतेय.